'सेट' काढून बघा, मग पैसे द्या

टाइल चिकटवायच्या पावडरीच्या पिशवीवर मागच्या बाजूला बारीक मजकूर असतो ना, तो मराठीत करून द्यायचं काम आलं होतं. मोजून चौदा ओळी. असली कामं मी रात्री जेवण झाल्यावर घेतो कारण डोकं फार लागत नाही, निदान तोवर तरी माझा तसा समज होता. त्यात एक ओळ होती की टाइल लावून झाल्यावर २४ तास सेट होऊ द्या, तोवर त्यावर चालू नका. नवीन डिक्शनरीबरोबर तिचं ॲप वर्षभर फुकट मिळालेलं, म्हटलं बघू तरी काय म्हणतंय, शब्द टाकला, पहिलाच अर्थ आला 'मावळणे, अस्तास जाणे'. हसू नका, अर्धा झोपेत होतो, जसंच्या तसं उचललं, फाइल पाठवली आणि आडवा झालो. सकाळी नऊला पार्टीचा फोन, "सर, बाकी सगळं ओके आहे, फक्त ते टाइल २४ तास मावळू द्या म्हणजे गिऱ्हाइकानं नेमकं काय करायचं?"

चूक माझी, शंभर टक्के मान्य. पण त्या दिवसापासून गेले तीन आठवडे मी तो कोश मांडीवर घेऊन बसलोय आणि हा रिव्ह्यू त्याचाच आहे. नाव लिहीत नाहीये, कारण नाव लिहिलं की खाली दोन पार्ट्या पडतात आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला, आणि दुसरं म्हणजे मी जी टेस्ट सांगणार आहे ती तुम्हाला दुकानात उभ्या उभ्या कुठल्याही कोशाला लावता येईल. वस्तू अशी आहे: इंग्रजी-इंग्रजी-मराठी, जाडजूड, पुठ्ठा बांधणी, अप्पा बळवंत चौकातून घेतला, छापील किंमत ९५० रुपये, मला ७६० ला पडला. जुना कोश शाळेपासूनचा होता, त्याची ए ते सी पानं कधीच गेली होती आणि डब्ल्यूच्या पुढचं भाचीने होमवर्कला कापून नेलं, म्हणून हा खर्च.

कागद बरा आहे, मागचं पुढे दिसत नाही. टाइप बारीक आहे पण चाळिशी लागलेल्याला चष्म्यासकट चालून जातं. उच्चार देवनागरीत दिलेत ते बहुतेक बरोबर आहेत. बांधणी मात्र पानं पूर्ण उघडी ठेवली की कुरकुरते. बास, बाहेरच्या अंगाबद्दल एवढंच.

आता टेस्ट. नवीन खानावळीत गेलो की माझे वडील आधी साधं वरण मागवायचे. पनीर कोणीही चांगलं करतं, त्यात मसालाच एवढा असतो की कळत नाही, वरणात लपायला जागा नसते. कोशाचं तसंच आहे. अवघड शब्द सगळ्यांना जमतात. फोटोसिंथेसिस काढा, कुठल्याही डिक्शनरीत प्रकाशसंश्लेषण मिळेल, एकाला एक, विषय संपला. कोशवाल्याचा जीव निघतो तो बारक्या शब्दांत. रन, पुट, गेट, टेक, आणि सगळ्यांचा बाप म्हणजे सेट. इंग्रजीच्या त्या मोठ्ठ्या ऑक्सफर्ड कोशाची १९८९ ची दुसरी आवृत्ती २० खंडांची आहे आणि त्यात सगळ्यात लांब नोंद कसल्या लॅटिन-ग्रीक शब्दाची नव्हती, ती या तीन अक्षरी सेटची होती, नुसत्या क्रियापदाचे ४३० च्या आसपास अर्थ आणि सुमारे ६० हजार शब्दांचा मजकूर. म्हणजे एका शब्दाची नोंदच एक कादंबरी. पुढच्या आवृत्तीचं काम चालू असताना रनने त्याला मागे टाकलं, ६४५ अर्थ, आणि पीटर गिलिव्हर नावाचे संपादक त्या एका शब्दावर नऊ महिने बसले होते म्हणे. नऊ महिने! आपल्याकडे तेवढ्या वेळात अख्खा कोश छापून, प्रकाशन समारंभ होऊन, पेढे वाटून होतात.

तर आपल्या कोशात सेट काढला. पाऊण कॉलम आहे, हे चांगलं, कारण अनेक कोशांत चार ओळींत आटपलेलं असतं. पण त्या पाऊण कॉलमात आहे काय तर ठेवणे, मांडणे, बसवणे, लावणे, मावळणे, गोठणे, नेमणे, ठरवणे, सोपवणे, घट्ट होणे, रोवणे, जडवणे, असे ३८ शब्द (मोजलेत) मध्ये स्वल्पविराम देऊन एका रांगेत बसवलेत. लग्नाच्या पंगतीसारखे. कोण मुलाकडचं, कोण मुलीकडचं, कोण नुसतंच जेवायला आलंय, काही पत्ता लागत नाही. वाक्य एकही नाही. आणि ॲपवाल्यांनी काय केलं असेल तर हीच रांग उचलून अकारविल्हे की कशी माहीत नाही पण उलटसुलट लावली, त्यात मावळणे पहिलं आलं आणि माझी टाइल बुडाली.

अहो, पण हा शब्द एकटा कधी येतच नाही ना. तो कोणाबरोबर आलाय त्यावर मराठीत काय होणार ते ठरतं. गजर सेट केला म्हणजे गजर लावला, सापळा असेल तरी लावला, आग असेल तरी लावली, कवितेला चाल असेल तरी लावली. पण पेपर सेट केला तर पेपर काढला, लावला म्हटलं तर लोकांना वाटेल पेपरवाल्याकडे महिना बांधला. नियम असेल तर घालून दिला. तारीख ठरवली. कैदी सोडला. गलबत हाकारलं. टेबल सेट कर म्हणजे आमच्या घरी "पानं घ्या", आणि ही दोन शब्दांची गोष्ट मी आजवर एकाही कोशात बघितलेली नाही, सगळीकडे 'मेज मांडणे' आहे, मेज कुणाच्या घरी मांडतात हो? दातांचा सेट म्हणजे कवळी. कादंबरी कोकणात सेट आहे म्हणजे कोकणात घडते, इथे या कोशात स्थित असणे असं आहे, कादंबरी काय तहसील कार्यालय आहे का स्थित असायला. आणि जेली, खरवस, पुडिंग यांचं सेट होणं वेगळं, ते थिजणं किंवा नुसतं 'जमणं', दह्याला मात्र आपण लागलं म्हणतो. ३८ शब्द देण्यापेक्षा दहाच दिले असते पण प्रत्येकाच्या पुढे तो कुणाबरोबर जातो ते लिहिलं असतं तर ७६० रुपये वसूल.

टाइलचं सांगायचं राहिलंच. फोननंतर मी समोरच्या साइटवरच्या गवंड्याला जाऊन विचारलं की सिमेंट सेट झालं याला तुम्ही काय म्हणता. तो म्हणाला, "सेटच म्हणतो की. नाहीतर माल धरला म्हणतो." धरला! किती साधा शब्द आणि किती बरोबर. यात अजून एक गोम आहे जी कोशात अजिबात नाही. सेट होणं आणि कडक होणं या सिमेंटच्या कामात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधी माल धरतो, म्हणजे हलायचा थांबतो, आणि ताकद मात्र पुढे कितीतरी दिवस वाढत राहते, म्हणून तर त्यावर पाणी मारत राहायचं आणि २८ दिवसांनी ताकद तपासायची. साध्या सिमेंटचं सुरुवातीचं सेटिंग ३० मिनिटांच्या आत होता कामा नये आणि शेवटचं ६०० मिनिटांच्या आत झालंच पाहिजे असं भारतीय मानकच आहे, आणि ते भसकन धरू नये म्हणून सिमेंटमध्ये जिप्सम घालतात. कोशात दोन्हीला 'कठीण होणे'. एखाद्या पोरानं हे वाचून परीक्षेत लिहिलं तर मार्क जातील, आणि साइटवर वापरलं तर त्याहून जास्त काहीतरी जाईल.

बरं, इतकं चिडून झाल्यावर मला एक गोष्ट सापडली आणि तिच्यासाठी मी या कोशाचा उपकृतच आहे, कारण तो इतका वाईट नसता तर मी शोधायला गेलोच नसतो. लायब्ररीत इंग्रजी शब्दांच्या व्युत्पत्तीचा कोश आहे, त्यात बघितलं. सेट हे सिटचं प्रयोजक रूप आहे. जुन्या इंग्रजीत सिट्टान म्हणजे बसणे आणि सेट्टान म्हणजे बसवणे. संपलं! म्हणजे आपलं बसणे-बसवणे, पडणे-पाडणे असतं तसंच. आता परत जाऊन मराठी बघा. हाड बसवणे. अंगठीत खडा बसवणे. टाइल बसवणे (मला मेल्याला हे डोळ्यासमोर होतं, पिशवीवर वरच्याच ओळीत मी स्वतः 'टाइल बसवताना' लिहिलं होतं). घडी बसवणे, नाटक बसवणे, घट बसवणे, गणपती बसवणे. आणि क्रिकेटमध्ये सेट झालेला बॅट्समन म्हणजे कोण, तर ज्याचा जम बसलाय तो. एखाद्या गोष्टीवर मन बसलंय हेसुद्धा इंग्रजीत सेटनेच होतं. म्हणजे निम्मी नोंद एका मराठी क्रियापदाने उलगडते, आणि या कोशात 'बसवणे' हा शब्द त्या रांगेत तिसरा, निमूट, कुणाच्या लक्षात न येता बसलाय. मी संपादक असतो तर नोंदीच्या डोक्यावर ठळक लिहिलं असतं, मूळ अर्थ बसवणे, जिथे बसवणे बसत नाही तिथे लावणे लावून बघा, तेही लागत नसेल तर पुढे वाचा.

आणि मजा इथे थांबत नाही. त्या सिटचं मूळ आणि संस्कृतातल्या सद् धातूचं मूळ एकच मानतात. सद् म्हणजे बसणे, त्यावरून आपली संसद, परिषद, उपनिषद. म्हणजे टाइल सेट करणारा आणि संसदेत बसणारा, लांबचे का होईना, भाऊबंद. नाम म्हणून जो सेट येतो, सहा कपांचा सेट वगैरे, त्याचं घराणं मात्र अर्धं वेगळं आहे, तो जुन्या फ्रेंचमधून लॅटिन सेक्टापर्यंत जातो, पाठोपाठ जाणे असा ज्याचा अर्थ त्या क्रियापदापासून तो निघालाय, आणि त्याच मुळाचा आपल्याकडचा शब्द आहे सच्, सोबत असणे, ज्यावरून सचिव. एका सेटचा भाऊ संसदेत आणि दुसऱ्याचा मंत्रालयात, दोघांची वर्णी लागलेली आहे. पुढे ते दोन शब्द इंग्रजीत एकमेकांत इतके मिसळले की आता वेगळे काढता येत नाहीत. असलं काही कोशात दोन ओळींत दिलं असतं तर पोरं शब्द पाठ न करता लक्षात ठेवतील. पण व्युत्पत्ती द्यायचीच नाही असं धोरण आहे, प्रस्तावनेत तसं स्वच्छ लिहिलंय, त्यामुळे त्यावर मार्क कापत नाही.

नामाच्या बाबतीत कापतो. नामाला एकच शब्द दिलाय, संच, आणि मग तो बुलडोझरसारखा सगळीकडून फिरवलाय. टीव्ही सेट म्हणजे दूरचित्रवाणी संच, ठीक, सरकारी कागदात तसंच होतं. दिवाळी अंकांचा सेट म्हणजे संच, एकदम बरोबर, आपण विकत घेताना असंच म्हणतो. गणितातला सेट म्हणजे संच, तेही बरोबर, आपल्या बोर्डाच्या नववीच्या पुस्तकातला पहिलाच धडा संच आहे. पण पुढे लिहिलंय स्टेज सेट म्हणजे 'नाटकाचा संच'. इथे मी पुस्तक मिटून चहा करायला गेलो. नाटकवाल्यांच्या मराठीत संच म्हणजे माणसं हो! जाहिरातीत 'मूळ संचात' येतं ते त्याच नटांना घेऊन असं सांगायला येतं, मागच्या भिंती-दरवाज्यांबद्दल ते नसतं. भिंती-दरवाजे म्हणजे नेपथ्य, आणि बॅकस्टेजची पोरं त्यालाही सेटच म्हणतात, सेट लागला, सेट उतरवला. ज्याने ही नोंद केली तो एकदाही शिवाजी मंदिर नाहीतर बालगंधर्वच्या बाहेर बोर्ड वाचत उभा राहिला नसणार.

शेतीचं तर विचारूच नका. माझे मामा तासगाव भागात द्राक्षवाले. सेटिंग या शब्दावर त्यांचं वर्ष उभं असतं. ऑक्टोबरच्या सुमाराला फळछाटणी होते, मग फुलोरा, आणि फुलोऱ्यातून मणी धरतात त्या टप्प्याला सगळा द्राक्षपट्टा मणी सेटिंग म्हणतो, त्याच वेळी पाऊस लागला की गळ आणि कुज, मग माणूस फोनवर सुद्धा नीट बोलत नाही. डाळिंबवालेही सेटिंगच म्हणतात. पुस्तकी मराठीत त्याला फळधारणा आहे, छान शब्द आहे. कोशात यातलं काहीही नाही. मामांना फोन करून म्हटलं डिक्शनरीत तुमचं सेटिंग नाही, तर म्हणाले, "आरं मग ती लिवणाऱ्यानं बाग कवा बघितली नसंल." उसाचंही तेच. लागणीला जे कांडं वापरतात, दोन डोळ्यांची टिपरी, त्याला इंग्रजीत सेटच म्हणतात, कधी शेवटी एक टी कधी दोन. दोन टीवाला शब्द कोशात आहे! मी खुश होऊन वाचायला गेलो तर अर्थ दिलाय बॅजर या प्राण्याचे बीळ, आणि फरसबंदीचा चौकोनी दगड. दोन्ही अर्थ इंग्रजीत खरे आहेत, वाद नाही, इंग्लंडात असतील बॅजर घरोघरी. पण सांगली-कोल्हापूरच्या पोरानं कृषीच्या पुस्तकात टू-बडेड सेट्स वाचलं आणि कोश उघडला तर दोन कोंब फुटलेलं बीळ, काय समजायचं त्यानं?

आता जोडून येणारे. इथे कोशाने कष्ट घेतलेत हे सांगितलं पाहिजे, सेटच्या खाली असे बावीस वाक्प्रयोग वेगळे दिलेत आणि अर्ध्यांना उदाहरणं आहेत. सेट अप म्हणजे उभारणे, आणि बोलीभाषेत एखाद्याला मुद्दाम अडकवणे, दोन्ही दिलंय, शाबास. सेट इन म्हणजे पावसाचा, थंडीचा जम बसणे, हेही चांगलं (परत बसणे, बघा). सेट ऑफ म्हणजे निघणे आणि फटाका उडवणे आहे पण हिशेबातली आणि कोर्टातली वजावट नाही. सेटबॅक म्हणजे पीछेहाट एवढंच, आणि घर बांधायला काढलेल्या माणसाला जो सेटबॅक रात्री झोपू देत नाही, रस्त्यापासून किंवा प्लॉटच्या हद्दीपासून सोडायची जागा, ज्याला नियमावलीच्या मराठीत सामासिक अंतर म्हणतात, तो गायब. तोही एका अर्थी पीछेहाटच आहे म्हणा, भिंतीची.

पण सगळ्यात मोठी चूक सेट असाइडची. कोशात 'बाजूला ठेवणे, राखून ठेवणे'. पैसे असतील, वाटीभर पीठ असेल तर बरोबर. पण हायकोर्टाने खालच्या कोर्टाचा निकाल सेट असाइड केला म्हणजे तो रद्द केला, मोडीत काढला. बाजूला ठेवला म्हटल्यावर वाचणाऱ्याला वाटणार की नंतर बघू असं म्हणून कपाटात ठेवलाय. माझ्या एका मित्राने ट्रान्सलेशनमध्ये नेमकं हेच केलं होतं, जमिनीची केस, सगळं कुटुंब दोन दिवस टेन्शनमध्ये की अजून लटकलंय का सुटलंय. एक शब्द इकडचा तिकडे आणि सातबारा हातात असून जीव टांगणीला. अशा ठिकाणी कोशाने तरी दिवा दाखवायला नको का?

एक तक्रार कोशावर नाहीच खरं तर, पण लिहून टाकतो. आपण मराठीत सेट घेऊन त्याचं जे काय केलंय ते कुठल्याच इंग्रजी कोशात मावणार नाही, त्यासाठी उलटा कोश पाहिजे, मराठी-मराठी. "साहेबांशी सेटिंग आहे" यातलं सेटिंग म्हणजे मांडवली. कॉलेजातलं सेटिंग म्हणजे काय ते कॉलेजवाल्यांना विचारा. "माझं सेट आहे" म्हणजे प्लॅन पक्का. हॉटेलात सेट डोसा म्हणजे जाडसर मऊ दोन किंवा तीन एकत्र. जिममध्ये तीन सेट मार. आणि सेटची परीक्षा, महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुणे विद्यापीठ घेतं ती, प्राध्यापक व्हायला. आमच्या भाचीने दिलीय. तिला एका लग्नात एका काकूंनी विचारलं, "काय गं, झालीस का सेट?" ही म्हणाली, "नाही ना काकू, दोन मार्कांनी राहिले." काकूंना काही कळेना की लग्न दोन मार्कांनी कसं राहतं. अजून घरात जेवताना कुणी सेट म्हटलं की हसतो आम्ही.

न्याय करायचा म्हणून मग रन काढला. आणि आश्चर्य म्हणजे रन उत्तम आहे! नाक गळणे, दुकान चालवणे, रंग जाणे, उसवत जाणे, सगळ्याला छोटी छोटी वाक्यं, नीट गटवार, क्रिकेटचा रन वेगळा. निवडणुकीसाठी रन म्हणजे निवडणुकीला उभे राहणे, आणि पुढे एका ओळीत टीपसुद्धा की अमेरिकन माणूस निवडणुकीला धावतो, ब्रिटिश उभा राहतो आणि मराठी माणूसही उभाच राहतो. हे वाचून मला त्या अनोळखी संपादकाला भेटावंसं वाटलं. उघड आहे की आर ज्यांच्याकडे होता त्यांना भाषेचा कान होता, आणि एस ज्याच्याकडे गेला तोवर बहुतेक छापखान्याची तारीख आली असावी. पुढे टेक, टर्न काढून बघितले, ते मधले आहेत, ना धड ना वाईट. म्हणजे कोश एकसारखा नाहीये, कुठल्या अक्षराला हात घालता त्यावर तुमचं नशीब. आर आला तर चांदी.

तुलनेसाठी सांगतो, फुकटात काय मिळतं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, पहिली आवृत्ती १८३१ ची, वाढवलेली दुसरी १८५७ ची, शिकागो विद्यापीठाच्या साइटवर अख्खा आहे, शोधता येतो. दिशा उलटी आहे हे खरं, मराठीकडून इंग्रजीकडे. पण त्यात बसणें काढा, लागणें काढा आणि वेळ ठेवून काढा. जवळजवळ १७० वर्षांपूर्वी एका इंग्रज लष्करी माणसाने, त्याच्या पदरी असलेल्या शास्त्र्यांनी आणि कँडी बंधूंनी या एकेका क्रियापदामागे किती जीव घातलाय ते दिसतं, कुठला अर्थ कशाबरोबर, पोटात, पिकात, नात्यात, देण्याघेण्यात. मी आता सेट अडला की उलटी वाट धरतो, आधी मराठीत काय म्हणतील ते मनात म्हणून बघतो आणि मग मोल्सवर्थात खात्री करतो. वेळ जातो पण टाइल मावळत नाही.

ॲपबद्दल थोडक्यात. टाकू नका. पुस्तकात निदान ३८ शब्द एकदम डोळ्यासमोर येतात आणि माणूस सावध होतो, ॲपमध्ये वरचे तीनच दिसतात, बाकीच्यांसाठी एक बारकं बटण दाबावं लागतं, आणि ते बटण नेमकं जाहिरातीला चिकटून. दोनदा मी अर्थ बघायला गेलो आणि कर्ज देणाऱ्या कुणाच्या तरी पानावर पोचलो. वर्ष संपलं की १४९ रुपये मागणार आहेत.

घ्यावा का? शाळेतल्या मुलाला, आठवी-नववीपर्यंत, चालेल, उच्चार चांगले आहेत आणि मागची परिशिष्टं कामाची आहेत. स्पर्धा परीक्षावाल्यांनी घ्यायला हरकत नाही पण वाक्प्रयोग दुसरीकडून पडताळा. माझ्यासारख्या पोटापाण्यासाठी भाषांतर करणाऱ्याने हा एकटा टेबलावर ठेवून काम करू नये. पाचात अडीच. रनमुळे अडीच, नाहीतर दोन. दुकानात गेलात तर काउंटरवरच सेट उघडा, निदान एक तरी वाक्य दिसतंय का बघा, आणि टेबलासमोर 'मेज मांडणे' दिसलं तर परत ठेवून द्या.

जाता जाता, मी प्रकाशकांना सविस्तर मेल केला होता, वरचं सगळं लिहून, नाटकाचा संच, उसाची टिपरी, कोर्टाचं ते, एकूण एकोणीस मुद्दे. आठ दिवसांनी उत्तर आलं, चांगल्या मराठीत, आभार वगैरे मानून. शेवटची ओळ अशी होती की आपल्या सर्व सूचना संपादक मंडळाने बाजूला ठेवल्या आहेत. आता पुढच्या आवृत्तीसाठी राखून ठेवल्यात का हायकोर्टासारख्या, हे विचारायला मी परत मेल केलाय, अजून उत्तर नाही.